स्टँडबाय म्हणण्याआधी

प्रति,
मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली

महोदय,

मी निवृत्त एअर ट्रॅफिक कंट्रोलर. तीसेक वर्षं कानाला हेडसेट लावून काढली. रेडिओवरची सगळी हयात इंग्रजीत गेली, हे पत्र मात्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. आपल्या कार्यालयात ते वाचून दाखवणारा कुणी कुलकर्णी नाहीतर शिंदे सापडेलच. पण जळगाव, सोलापूर, चिपीच्या विमानांत गुडघे आखडून बसणाऱ्यांच्याही नजरेखालून ते जावं अशी इच्छा आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीची जुलैमधली एक संध्याकाळ. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका केंद्रात माझी शिफ्ट चालू होती. पंख्याचं एक विमान, ज्याला आम्ही टर्बोप्रॉप म्हणतो, १८,००० फुटांवर ढगातून येत होतं. वैमानिक म्हणाला, आइसिंग होतंय, म्हणजे पंखावर बर्फ धरतोय, खाली यायचंय. त्याच्या दोन हजार फूट खालून दुसरं विमान आडवं चाललं होतं. मी म्हणालो, ‘स्टँडबाय’. समोरच्या कागदी स्ट्रिपवर त्याच्या विनंतीची खूण केली, खाली तोंड केलेला एक छोटा बाण, आणि तिसऱ्याच विमानाशी बोलायला लागलो. वैमानिकाचा आवाज शांत होता, आणि शांत आवाजाला रांगेत उभं करायची आम्हाला सवय असते. पाचएक मिनिटांनी वाट मोकळी झाली, त्याला खाली सोडलं. झालं काहीच नाही. त्याच रात्री तो वैमानिक मला भेटला, पण ते नंतर.

ती स्ट्रिप मी विसरूनही गेलो होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये आठवली.

९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार. ब्राझीलमधल्या कास्कावेलहून साओ पाउलोच्या ग्वारुल्योस विमानतळाकडे निघालेलं व्होपासचं एटीआर-७२ विमान विन्येदो गावातल्या एका वसाहतीच्या अंगणात कोसळलं. ५८ प्रवासी, ४ कर्मचारी, कुणीही वाचलं नाही. गवतावर गळून पडणाऱ्या पानासारखं ते विमान गोल गोल फिरत खाली येतानाची चित्रफीत आपणही पाहिली असेल. मी ती एकदाच पाहिली. त्यानंतर महिनाभराने तिथल्या अपघात तपास संस्थेचा, सेनिपाचा, प्राथमिक अहवाल आला. तो मात्र पुन्हा पुन्हा वाचला, कारण त्यात रेडिओवरचं बोलणं सेकंदासकट दिलं आहे.

विमान १७,००० फुटांवर होतं. त्या भागात १२,००० ते २१,००० फुटांच्या दरम्यान तीव्र आइसिंगचा इशारा आधीच दिलेला होता. कॉकपिटमध्ये कंपनीच्या माणसांशी उतरण्याबाबतचं रोजचं बोलणं चालू होतं. दोन-अडीच मिनिटांत विमानाने तीन इशारे दिले: वेग कमी पडतोय, कामगिरी घसरतेय, वेग वाढवा. याच दरम्यान सहवैमानिक म्हणाला, ‘बराच बर्फ’. रेडिओवर साओ पाउलोच्या नियंत्रकाने आधी खाली वाहतूक असल्यामुळे उंची कायम ठेवायला सांगितलं होतं. मग त्याने एका बिंदूकडे सरळ जायची परवानगी दिली, उंची तीच ठेवा, दोन मिनिटांत खाली सोडतो, असं सांगितलं. वैमानिकांनी ते नियमाप्रमाणे परत म्हणून दाखवलं. त्यानंतर मिनिटभरही गेलं नाही, विमान हातातून सुटलं. आणीबाणी जाहीर झालीच नव्हती.

त्या नियंत्रकाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो. म्हणालोच होतो! त्याने दोन मिनिटं मागितली, मी पाच घेतली. मला फुरसत मिळाली ती त्या ढगाच्या कृपेने.

आता बर्फाविषयी थोडं. हे आपणासाठी नाही, माझ्या इतर वाचकांसाठी. जुलैत पुण्यात छत्री घेऊन फिरणाऱ्या माणसाला डोक्यावर बर्फ आहे हे पटत नाही. पण पावसाळ्यात महाराष्ट्रावर साधारण १६,००० ते १८,००० फुटांवर तापमान शून्याला टेकतं. त्याच्या वर ढगातलं पाणी लगेच गोठत नाही, उणे दहा-पंधरा अंशांतही थेंब थेंबच राहतात. त्यांना फक्त टेकायला काहीतरी हवं असतं. विमानाचा पंख आला की ते त्याच्यावर आदळतात आणि तिथल्या तिथे गोठतात. मोठी जेट विमानं हा पट्टा चार-पाच मिनिटांत ओलांडून तीस-पस्तीस हजार फुटांवर निघून जातात. एटीआरची कमाल उंचीच २५,००० फूट. जो थर जेटला उंबरठा, तो एटीआरला राहती खोली.

बर्फाच्या वजनाची चिंता करणारे लोक मला भेटतात. वजन ही दुय्यम बाब आहे. पंखाच्या पुढच्या कडेवर खरखरीत सँडपेपरइतका बर्फ धरला तरी विमानाची उचल ३० टक्क्यांपर्यंत कमी होते आणि ओढ ४० टक्क्यांपर्यंत वाढते. पंखाचा आकारच बदलतो, आणि विमान उडतं ते आकारावर. एटीआरच्या पंखांच्या कडेला रबरी पट्ट्या असतात, त्यांना बूट म्हणतात. त्या हवेने फुगतात आणि बर्फाची खपली फोडून टाकतात. बहुतेक वेळा हे पुरतं. ही विमानं आइसिंगमध्ये उडण्यासाठी प्रमाणित आहेत आणि जगभर रोज सुखरूप उडतात. चिपीला निघालेल्या कुणाला घाबरवण्यासाठी मी लिहीत नाही.

मला बोलायचं आहे ते टेबलाच्या आमच्या बाजूविषयी. नियंत्रकाच्या रडारवर विमान दिसतं, त्याची उंची दिसते, वेग दिसतो. बर्फ दिसत नाही. आणि गर्दी सांभाळायला नियंत्रकाकडे रोजच्या वापरातली तीनच हत्यारं असतात: घिरट्या घाल, वेग कमी कर, आहेस त्याच उंचीवर राहा. आयुष्यभर मी ही तीन वाक्यं हजारो वेळा उच्चारली असतील, विमानं एकमेकांपासून लांब ठेवण्यासाठी. बर्फ धरलेल्या विमानासाठी मात्र ही तिन्ही वाक्यं विषासारखी आहेत. विन्येदोला तिसरं वाक्य होतं. उरलेल्या दोहोंचीही नोंद अपघातांच्या इतिहासात आहेच.

३१ ऑक्टोबर १९९४. इंडियानापोलिसहून शिकागोच्या ओहेअरला निघालेलं अमेरिकन ईगलचं एटीआर-७२. ओहेअरला गर्दी, म्हणून त्याला वाटेत १०,००० फुटांवर घिरट्या घालायला लावलं. आणखी थोडा वेळ, आणखी थोडा वेळ, असं करत अर्ध्या तासाहून जास्त ते त्याच गोठत्या भुरभुरीत गोल फिरत राहिलं. थेंब मोठे होते, पंखावर मागे ओघळून बूट पोचत नाहीत तिथे जाऊन गोठत होते. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर बर्फाचा उल्लेख ऐकू येतो, अगदी सहज, जसं आपण ‘अजून पाऊस आहे’ म्हणतो तसा. नियंत्रकाला तो कुणी सांगितला नाही, नियंत्रकानेही विचारला नाही. त्याने ८,००० फुटांवर यायला सांगितलं, उतरताना वैमानिकांनी फ्लॅप आत घेतले आणि विमान आपोआप उलटं झालं. रोझलॉन नावाच्या गावाजवळ सोयाबीनच्या शेतात ६८ माणसं गेली. पुढे कंपनीने बूट रुंद केले. त्या प्रकारच्या मोठ्या थेंबांसाठी प्रमाणनाचा नवा नियम यायला मात्र २०१४ उजाडलं. वीस वर्षं.

वेगाचं प्रकरण ९ जानेवारी १९९७ चं. कॉमएअरचं छोटं एम्ब्रेअर-१२० डेट्रॉईटला उतरत होतं. रांग लावण्यासाठी नियंत्रकाने १५० नॉट वेग करायला सांगितलं. स्वच्छ पंखाला तो वेग चालला असता. पंखावर बर्फ होता. मन्रोजवळ २९ जण दगावले. तपासात बोट ठेवलं गेलं ते आइसिंगमधला किमान वेग ठरवून न देणाऱ्या व्यवस्थेवर.

मला या तिन्ही घटनांत एकच गोष्ट छळते. एकाही कॉकपिटमधून ‘मेडे’ हा आणीबाणीचा शब्द आला नाही, आणि तो आला नाही म्हणून समोरच्या माणसाने काहीही वावगं केलं नाही. नियमाच्या कागदावर सगळं बरोबर. वैमानिक हा शब्द का उच्चारत नाहीत, हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. आपल्याकडे मेडे म्हटलं की मागून कागद येतात, खुलासे येतात, कंपनीचा फोन येतो. शिवाय बर्फ हा काही आगीसारखा घंटा वाजवत येत नाही. मिनिटाला पाच-सात नॉट वेग चोरत येतो. चोर घरात शिरलाय हे पटेपर्यंत माणूस मांजरच असेल म्हणून कूस बदलतो, तसंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: वैमानिकाच्या तोंडून मेडे यायची वाट न पाहता, पंख्याच्या विमानातून ‘आइसिंग, खाली यायचंय’ एवढं ऐकू आलं तरी आपल्या नियंत्रकाने ते अर्धं मेडे समजावं. आणि तसं समजायला त्याला शिकवलं जावं.

आज काय शिकवतात ते मला ठाऊक आहे, कारण मीही शिकवलंय. प्रयागराजचं सिव्हिल एव्हिएशन ट्रेनिंग कॉलेज असो की आपल्या गोंदियाची संस्था, पोरं हुशार येतात, विभक्ती आणि धातुरूपं पाठ करावीत तसे नियम घोकतात. हवामानशास्त्राच्या पेपरात आइसिंगवर प्रश्न असतो: प्रकार लिहा. क्लिअर, राइम, मिक्स्ड. पोरं अचूक लिहितात. माझ्या वर्गात सिम्युलेटरवर मी त्यांना इंजिन बंद पडलेलं विमान दिलं, अपहरण दिलं, रेडिओ बंद पडलेला दिला. ‘थोडा बर्फ धरतोय, जमलं तर खाली द्या’ असं अदबीने म्हणणारं विमान मी एकदाही दिलं नाही. खरं तर तोच सराव सर्वांत अवघड असतो, कारण त्यात धोका ओळखणं हेच काम असतं.

युरोपातल्या नियंत्रकांकडे सहा इंग्रजी अक्षरांचा ‘असिस्ट’ नावाचा एक पाढा आहे. ऐकलं असं सांगा, इतर विमानं बाजूला काढा, फ्रिक्वेन्सीवर शांतता ठेवा, वरिष्ठांना कळवा, वैमानिकाला हवं ते द्या, त्याला वेळ द्या. पाढा चांगला आहे. फक्त शेवटचं अक्षर आइसिंगमध्ये जपून वाचावं लागतं. वैमानिकाला विचार करायला वेळ द्यायचा, प्रश्नांची सरबत्ती करायची नाही, हे खरं; पण आपण स्वतः वेळ घ्यायचा नाही. खाली दुसरं विमान असेल तर त्याला वळवा. त्याला वळवता येत नसेल तर यालाच तीस अंश बाजूला काढून उतरवा. १,००० फुटांचं अंतर सांभाळण्याचे दहा मार्ग असतात, आणि ‘स्टँडबाय’ हा त्यातला सर्वांत आळशी.

आणि प्रश्न विचारायचा तर एकच विचारावा: ही उंची आणि हा वेग धरून ठेवता येतोय का? या प्रश्नाला अनुभवी वैमानिक खोटं उत्तर देत नाही. हा प्रश्न ऐकल्यावर तो स्वतःही वेगाच्या काट्याकडे पुन्हा एकदा बघतो. नियंत्रकाने दरम्यान स्क्रीनवरच्या लेबलकडे बघावं. उंची तीच आणि वेगाचा आकडा फेरीगणिक उतरतोय, २६०, २५२, २४५, असं दिसलं तर ते वाऱ्याने असेल किंवा बर्फाने. विचारायला दोन सेकंद लागतात.

महाराष्ट्राच्या बाबतीत निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे, तिचा फायदा आपण घेत नाही याचं मला वाईट वाटतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, म्हणजे जेमतेम ५,४०० फूट. गोठणारा थर सुरू होतो तो त्याच्या कितीतरी वर. मधे दहा हजार फूट उबदार हवा पसरलेली आहे. इथे बर्फावरचा उतारा चार-पाच हजार फूट खाली उतरणं हाच, आणि तो जवळजवळ नेहमी उपलब्ध असतो. शिमल्याच्या, कुल्लूच्या वैमानिकाला हे सुख नाही, त्याच्या खाली डोंगर आहे. ‘उडान’ योजनेचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला गेलं, तेही एटीआरच होतं. तिकडच्या नियंत्रकाला डोंगराची किमान उंची तोंडपाठ हवी आणि कुठल्या दिशेला वळवलं तर खाली मोकळी दरी मिळेल हेही. आमच्याकडे मात्र मधे उभी असते ती फक्त एक परवानगी.

इथे एक अडचण आहे, ती आपल्यालाच सोडवावी लागेल. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथल्या रेडिओवर बोलणारा माणूस गणवेशातला असतो. त्याचं सगळं शिक्षण लढाऊ विमानांभोवती झालेलं असतं, आणि सुखोईचा वैमानिक ‘आइसिंग’ म्हणाला तर तो तीस सेकंदांत त्याच्या वर निघून गेलेला असतो. एटीआर तसं निघून जाऊ शकत नाही. आपलं परिपत्रक विमानतळ प्राधिकरणाच्या नियंत्रकांपर्यंत पोचेल. लोहगावच्या टॉवरमध्येही ते पोचावं यासाठी संरक्षण मंत्रालयापर्यंत कुणीतरी चालत जायला हवं.

नागरी विमान आणि लष्करी नियंत्रण यांच्या सांध्यावर काय होतं ते २१ मे २०२५ ला देशाने पाहिलं. दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडिगोचं एअरबस पठाणकोटजवळ गारांच्या वादळासमोर आलं. ढग टाळण्यासाठी डावीकडे, सीमेच्या बाजूला वळू द्या, अशी विनंती वैमानिकांनी हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलकडे केली, ती मान्य झाली नाही. मग लाहोरला विचारलं, तिथेही नकार. नुकतंच दोन देशांत युद्ध होता होता राहिलं होतं, हवाई हद्दी बंद होत्या, त्या खोलीत बसलेल्या माणसावरचं ओझं मी समजू शकतो. विमान ढगात शिरलं, वेग आणि कोन दाखवणाऱ्या यंत्रणा बिघडल्याचे इशारे आले, एका क्षणी ते मिनिटाला ८,५०० फूट या गतीने खाली जात होतं. वैमानिकांनी हाताने ते सांभाळलं, ‘पॅन पॅन’, म्हणजे मेडेच्या एक पायरी खालचा तातडीचा संदेश, पुकारला आणि श्रीनगरला सगळे सुखरूप उतरले. नाकाची टोपी फुटलेल्या त्या विमानाचे फोटो लोकांनी पाहिले. गारा आणि पंखावरचा बर्फ यांत फरक आहे, पण ढगातल्या त्या दोन माणसांना समोरच्या आवाजाकडून जे हवं असतं त्यात फरक नाही. नकार द्यावाच लागला तर त्याच वाक्यात पर्याय द्यायला हवा: इकडे नाही, पण मागे फिरा, वाट मोकळी करून देतो. हे शांततेच्या काळात ठरवून ठेवायचं असतं.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जिला पैसाही लागत नाही. तीव्र आइसिंग आढळलं तर वैमानिकाने विशेष एअर-रिपोर्ट द्यावा, असं आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. आपल्याकडे तो देणारे थोडे आणि दिलेला पुढच्या विमानापर्यंत पोचवणारे त्याहून थोडे. अमेरिकेच्या नियंत्रकांच्या नियमपुस्तकात हलकं आइसिंग असल्याचं कळलं तरी नियंत्रकाने आपण होऊन वैमानिकांकडे विचारपूस करावी असं लिहिलेलं आहे. आपण ते वाक्य उचलायला हरकत नाही. फक्त रिपोर्ट पुढे देताना विमानाचा प्रकार सांगण्याची सक्ती करा. एअरबसचा वैमानिक ‘हलकं’ म्हणाला आणि नियंत्रकाने तेवढंच मागच्या एटीआरला सांगितलं, तर त्यापेक्षा न सांगितलेलं बरं. घोड्याच्या गुडघ्याइतक्या पाण्यात शेळी बुडते.

वैमानिकांसाठीही एक ओळ आपण लिहावी: आइसिंगमुळे पॅन पॅन किंवा मेडे पुकारला म्हणून कुणाकडेही खुलासा मागितला जाणार नाही. एवढं एक वाक्य आपल्या सहीने निघालं, तर माझ्या मते दहा सेमिनारांपेक्षा जास्त काम होईल.

आता त्या जुलैच्या रात्रीचं. शिफ्ट संपवून मी खाली कँटीनमध्ये चहा घेत होतो. तो कॅप्टन स्वतः शोधत आला. चाळिशीचा, केस ओले, टोपी काखेत. मला वाटलं भांडणार. तो समोर बसला, त्याने चहा मागवला आणि म्हणाला, मघाशी तुम्ही स्टँडबाय म्हणालात तेव्हा माझा वेग किती होता माहीत आहे? मी नाही म्हणालो. त्याने आकडा सांगितला. मी तो इथे लिहीत नाही. मी विचारलं, मग तुम्ही नीट सांगितलं का नाही? तो म्हणाला, नीटच सांगितलं होतं.

खिडकीतून एप्रनवर उभं असलेलं त्याचं विमान दिसत होतं. मी न राहवून विचारलं, किती होता बर्फ? त्याने बोटाने विमानाकडे दाखवलं. दिव्याच्या उजेडात पंखाच्या कडेवरून पाणी टपटपत होतं. शेजारच्या विमानाच्या पंखावरूनही टपटपत होतं, सामानाच्या ट्रॉलीवरून, मेकॅनिकच्या रेनकोटवरून आणि आमच्या खिडकीच्या पन्हाळीवरूनही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त नियंत्रक